जाताना डावीकडे, येताना उजवीकडे

ही गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. अक्षर न् अक्षर खरी आहे. भूत पाहिलं असं मी म्हणणार नाही, कारण मी ते पाहिलेलंच नाही. जे पाहिलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात पाहिलं. तेवढंच सांगते.

यांचा खिडक्यांच्या काचांचा धंदा होता. घराला लागूनच दुकान. भिंतीला टेकून उभ्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं मोठं टेबल, आणि काच कापताना होणारा तो कर्रकर्र आवाज. त्या आवाजात माझा संसार झाला. मुलगा तर पाळण्यात त्याच आवाजावर झोपायचा.

त्या वर्षी यांनी एक जुनी पिकअप घेतली. मागच्या हौद्यात काचा तिरक्या उभ्या करायला लाकडी घोडी बसवली. इंजिन छान, ब्रेक छान.

एकच खोड होती.

ती एका बाजूला ओढायची.

आधी आम्ही हसण्यावारी नेलं. हे म्हणायचे, "हिचं मन माहेरी राहिलंय. नवी सून आहे, रुळेल हळूहळू."

मी म्हणायचे, "मी नाही हो एवढी ओढ घेतली कधी."

"तुझं माहेर दोन गल्ल्यांवर होतं. तुला ओढ घ्यायला वाव कुठे मिळाला?"

पण काचेच्या धंद्यात गाडीने जराही हिसका दिलेला चालत नाही. एक धक्का बसला की मागे सगळा चुरा. म्हणून हे स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे गाडी चालवायचे. संध्याकाळी घरी आले की खांदे वर उचलता यायचे नाहीत. मी शेकायला गरम पाण्याची पिशवी द्यायचे.

गाडी मिस्त्रीकडे नेली. मिस्त्री हुशार माणूस, पण बडबड्या. त्याने दोरी लावून चाकांची अलाइनमेंट केली. टायरची अदलाबदल केली. पुढची चाकं वळवणारा टाय रॉड बदलला. मग गॅरेजसमोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला,

"वहिनी, कुठे ओढतेय? लोण्यात सुरी फिरावी तशी गेली. दोन्ही हात सोडले मी, तरी सरळ."

"आणि येताना?"

"येतानाही सरळ. जराशी जड वाटली फक्त. फिल्टर साफ करून देतो. आणि भाऊंना सांगा, जरा व्यायाम करा."

हे गाडी घेऊन निघाले. गॅरेजचा कोपरा वळले...

आणि गाडीने पुन्हा ओढ घेतली.

असं किती वेळा झालं, त्याची मोजदाद नाही. मिस्त्रीने अख्खा स्टिअरिंग बॉक्स उघडून पुन्हा बसवला. दरवेळी त्याच्या रस्त्यावर गाडी शहाण्यासारखी चालायची. शेवटी तो यांच्याकडे संशयाने बघायला लागला, आणि हे त्याच्याकडे.

एकदा माझे धाकटे दीर कपाट हलवायला म्हणून गाडी घेऊन गेले. जाताना म्हणाले, "दादाचे दंड गेले आता, वहिनी. बघा, मी कशी पळवतो."

तासाभरात परत आले. किल्ली टेबलावर ठेवली. कपाट नेलंच नव्हतं. दोन तांबे पाणी प्यायले.

"वहिनी, हा बिघाड नाही."

"मग?"

"मी जोर लावला की ती जोर लावते. मी थांबलो की थांबते. बिघाड असा माणसाची वाट बघत थांबतो का?"

मी म्हटलं, "भावजी, उन्हातून आलात. बसा जरा."

त्यांनी पुन्हा त्या किल्लीला हात लावला नाही.

मग सकाळचं सुरू झालं. हे गाडी दुकानासमोर चाकं अगदी सरळ करून लावायचे. सकाळी मी दार उघडलं की पुढची चाकं कुंपणाकडे वळलेली. यांनी चाकांना विटा लावल्या. एके दिवशी मी पाणी भरत होते, चांगलं उजाडलं होतं. बाहेरून आवाज आला...

कर्रर्र.

मला वाटलं, हे आज लवकरच काच कापायला बसले. वळून पाहिलं तर हे माझ्यामागे उभे. तोंडात ब्रश.

दुकानाला कुलूप होतं.

बाहेर जाऊन पाहिलं. विटा बाजूला सरकल्या होत्या. मातीत चाक घासल्याची ओली रेघ. गाडीत कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून त्यांनी माहेराचा विनोद केला नाही.

पुढे एका संध्याकाळी शेकताना हे म्हणाले, "आज डावा नको, उजवा खांदा शेक. येतानाच जास्त ओढलं."

मी पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे? जाताना कुठे ओढते?"

"गोदामाकडे जाताना डावीकडे. येताना उजवीकडे."

इतके महिने आम्ही 'एका बाजूला' म्हणत होतो. बाजू कोणती, ते कोणी कोणाला विचारलंच नव्हतं!

मी स्वयंपाकघरातले चमचे आणले. टेबलावर मधोमध वाटी ठेवली. ते आमचं घर. एकेक चमचा म्हणजे एकेक रस्ता. गोदामाचा, शाळेचा, नदीच्या पुलाचा. मी विचारत गेले, हे सांगत गेले, आणि गाडी ज्या बाजूला ओढते त्या बाजूला टोक करून मी काडेपेटीतली एकेक काडी ठेवत गेले. शेवटी कुंपणाच्या बाजूला एक काडी ठेवली.

सगळ्या काड्या टेबलाच्या एकाच कोपऱ्याकडे बघत होत्या.

तिथे मिठाची बरणी होती.

मग मी मिस्त्रीच्या गॅरेजचा चमचा ठेवला. त्याचं टोक सरळ... बरणीवर.

म्हणून त्याच्या रस्त्यावर गाडी लोण्यासारखी जायची. ती तिला जायचं होतं तिकडेच जात होती. आणि परत यायला ती जड व्हायची.

यांनी बरणीच्या झाकणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "रविवारी जाऊन येऊ."

"नको. विकून टाका."

"विकून त्या घेणाऱ्याच्या गळ्यात मारू? अगं, खांदे बघ माझे. रोज भांडतोय मी हिच्याशी. एकदा जाऊ दे तिला जायचं तिथे. मन भरलं की शांत होईल."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तू असशील ना शेजारी."

मला दुसरं काही नको होतं. हा माणूस संध्याकाळी घरी यावा, एवढंच हवं होतं. म्हणून मी बसले शेजारी.

मुलाला भावजींकडे ठेवून आम्ही जेवणं उरकून निघालो. गॅरेजचा रस्ता सुरू झाला आणि यांनी स्टिअरिंगवरून हात उचलले. मांडीवर ठेवले.

स्टिअरिंग आपोआप जराजरासं हलत राहिलं. अगदी सराईत माणसाच्या हातात असावं तसं.

घरं संपली. डांबर संपलं. यांचा पाय नुसता ॲक्सिलरेटरवर होता. मी दाराची कडी घट्ट धरून बसले होते. मग गाडीची गती कमी कमी होत गेली आणि ती थांबली. इंजिन बंद पडलं.

मोकळं माळरान होतं. झाड नाही, विहीर नाही, दगड नाही. वारा होता, पण त्याचा आवाज नव्हता. मी दार उघडून लावलं...

दाराचाही आवाज झाला नाही.

मग मला पायवाटा दिसल्या. बारीक, पांढुरक्या, रोजच्या येण्याजाण्याने पडतात तशा. सगळ्या दिशांनी आलेल्या. त्या सगळ्या मधे एका जागी येऊन संपत होत्या.

आणि त्या जागी काहीच नव्हतं.

हे उतरून चालत तिथपर्यंत गेले. उभे राहिले. मी हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही. मग मी धावत गेले, त्यांची बाही धरली आणि ओढतच गाडीत आणून बसवलं. माळ मागे पडला तेव्हा कुठे आवाज परत आले.

"काय होतं तिथे?"

"काही नाही गं," हे म्हणाले. चेहरा कसा शांत. "आता घरी जाऊ."

येताना गाडी सरळ आली. जडही नव्हती. हे एका हाताने चालवत होते, बाहेर कोपर काढून. कितीतरी दिवसांनी गुणगुणत होते. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. वाटलं, सुटलो.

पिकअपने पुन्हा कधी ओढ घेतली नाही.

पण आठवडाभरातच हे दुकानात चालताना टेबलाला धडकायला लागले. दुपारी जरा आडवे झाले की मान डावीकडे वळायची. मी म्हटलं, उशी नीट नसेल. एकदा मुद्दाम उशी पायथ्याशी ठेवली. उलटे झोपवलं.

झोप लागली. आणि मान हळूहळू...

उजवीकडे वळली.

मी टेबलावर चमचे मांडले नाहीत. गरज नव्हती.

त्यांनी खूप जोर लावला. भिंत धरून चालायचे. काच कापताना रेघ तिरकी जायला लागली, तेव्हा कटर माझ्या हातात दिला. डॉक्टर झाले, कानांची तपासणी झाली, मणक्याचे फोटो झाले. सगळं ठीक. एक दिवस जेवताना म्हणाले,

"थकलो गं. आता हात सोडावेसे वाटतात."

मी दाराला आतून कुलूप लावायला लागले. तरी एका दुपारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालून आत आले, तर पुढचं दार उघडं होतं. कुलूप कडीला तसंच बंद लटकत होतं, किल्ली माझ्या कमरेला. चपला दारातच होत्या.

मी भावजींना आणि मिस्त्रीला घेऊन सरळ माळावर गेले. तिथे कोणी नव्हतं. एक पायवाट मात्र नवी होती. आमच्या घराच्या बाजूने आलेली. एकदा चालून वाट पडत नाही, हे मलाही कळतं.

हे सापडले नाहीत.

भावजींनी नंतर आयुष्यात कुठलंच वाहन चालवलं नाही. म्हातारे होऊन गेले. मिस्त्री रस्ता रुंद झाला तेव्हा गॅरेज मोडून मुलीकडे राहायला गेला. शेवटपर्यंत म्हणायचा, "वहिनी, मला कधीच दोष सापडला नाही हो." पिकअप एका भाजीवाल्याने नेली. पुढे कितीतरी वर्षं ती चालली. अगदी सरळ.

मुलगा मोठा झाला आणि मला दूर इथे घेऊन आला, दुसऱ्याच शहरात, चौथ्या मजल्यावर. त्याला हे सगळं पटत नाही. पटू नये असंच मला वाटतं.

हल्ली सकाळी सून म्हणते, "आई, रोज मान कशी अवघडते तुमची? पलंग फिरवून बघू या का?"

मी म्हणते, नको.

तोल जातो म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या एका पोरीकडे नेतात. तिथे जमिनीवर एक पिवळी पट्टी आखलेली आहे, तिच्यावरून चालायचं. गेल्या आठवड्यात ती पोरगी कौतुकाने मुलाला सांगत होती,

"आजींना काही झालेलं नाही. जाताना बघा, कशा बाणासारख्या सरळ जातात. फक्त परत येताना..."

मी पट्टीच्या टोकाला उभी होते. पुढे खिडकी होती.

"...परत येताना पाय जरा जड पडतात. वयामुळे असेल."