सुई उतरेना

हातमोज्यांच्या खोक्यात शेवटची जोडी उरली होती, आणि तिचा हात पोचायच्या आत दुसराच एक हात पोचला. शेजारच्या टेबलावर नव्याने आलेला संशोधक! त्याने हसून जोडी तिच्यापुढे धरली.

"घ्या तुम्ही. स्पिरिटने हात किती कोरडे पडलेत तुमचे..."

पहिल्याच भेटीत माझ्या हातांची चौकशी? तिच्या मनात पाल चुकचुकली.

आणि दुसऱ्याच दिवसापासून तिच्या यंत्राचं बिनसलं. हवा उपसणारा पंप दिवसभर घरघरायचा, पण पोलादी डब्यातला हवेचा दाब काही खाली येईना. हा मात्र दर दुपारी दोन कॉफ्या घेऊन हजर! शुक्रवारपर्यंत दाब उतरला नाही, तर प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम यंत्र दुसऱ्याला देणार होत्या. आणि रांगेत पुढे कोण, तर हाच. तिने गुपचूप झाकणाच्या बोल्टांवर खडूच्या खुणा करून ठेवल्या. कोणी हात लावला तर कळायला हवं.

"गळती शोधायला मदत करू?" बुधवारी त्याने विचारलं.

"आगही तुम्हीच लावायची आणि बंबही तुम्हीच आणायचा का?"

तो चमकला... पण गेला नाही. पिचकारीने एकेक जोड स्पिरिटने भिजवत गेला. कुठे फट असती, तर स्पिरिट आत शिरून दाबाची सुई उडालीच असती. ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या बोटांवर नजर ठेवून होती. बोटं छान होती मेल्याची! सुई मात्र ढिम्म हलली नाही.

"गळती नाहीच. आत काहीतरी चिकट गेलंय. उघडू या?"

पंप बंद करून त्यांनी झाकण उघडलं. त्याने झाकणाखालचं रबरी कडं नाकाजवळ नेलं.

"गुलाब...?"

तिने हळूच आपली बोटं हुंगली. ताईकडून मागून आणलेलं हातांचं क्रीम! ते चोपडून त्याच बोटांनी ती हातमोजे चढवायची. क्रीम मोज्यांना लागलं, मोज्यांवरून कड्याला, आणि तेच आत वाफ सोडत बसलं होतं. आणि आपण या बिचाऱ्यावर... तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझं हातांचं क्रीम आहे ते. आणि मी... तुमच्यावर संशय घेतला."

"ठाऊक आहे. खडूच्या खुणा पाहिल्यात मी." तो कडं पुसू लागला. "पण यंत्र आधी तर नीट चालायचं. मग हे क्रीम कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं.

"तुम्ही ते हातमोजे दिलेत ना... त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

त्याचा पुसणारा हात थांबला.

शुक्रवारी सुई उतरली. क्रीमची ट्यूब आता त्याच्या खणात असते. संध्याकाळी यंत्र बंद झालं, हातमोजे निघाले, की मगच ट्यूब बाहेर येते... आणि क्रीम तो स्वतःच लावून देतो.