सत्त्याण्णवपर्यंत

शाळेच्या आवारात लावायला चिकूचं कलम हवं होतं, म्हणून मी घोलवडच्या नर्सरीत गेले. तिथं हितेश नावाचा मुलगा मातीनं भरलेल्या हातांनी रोपांना नंबरांच्या पट्ट्या बांधत होता. माझ्या कलमाच्या पट्टीवर होतं... १०००७. मी गणिताची शिक्षिका, गप्प कशी बसणार? म्हटलं, "ही मूळ संख्या असावी."

"म्हणजे?"

"एक आणि ती स्वतः, एवढ्यांनीच तिला पूर्ण भाग जातो. बाकी कुणालाच ती दाद देत नाही."

"एवढी मोठी, अन् कुणालाच नाय? मला नाय पटत. करून दाखवा ना, मॅडम!"

दोन आणि पाच शेवटच्या सातामुळेच बाद झाले. अंकांची बेरीज आठ, म्हणजे तीनही नाही. मग मी ओल्या वाफ्यात काडीनं सातचा भागाकार मांडला. चार उरले.

"अकराचं पुढच्या शनिवारी बघू," तो म्हणाला, "आता गिऱ्हाईक उभं हाय."

आणि मी वेडी... खरंच गेले. मग प्रत्येक शनिवारी एकच मूळ संख्या. अकरानं आठ उरले, तेरानं दहा. "आज भाग जाणारच!" असं तो दर वेळी छातीठोक सांगायचा आणि बाकी उरली की त्यालाच जास्त आनंद व्हायचा. मग पिकलेला चिकू फोडून अर्धा माझ्यापुढे धरायचा. बोटं जरा लागायची. मी वाफ्याकडे बघायची.

अशातच वापीचं एक स्थळ आलं. मुलगा चांगला, नावं ठेवायला जागा नाही. आई म्हणाली, "निलम, उद्या रविवार. हो की नाही ते कळवायचंय."

त्याच दिवशी आमचे सत्त्याण्णव आले होते. मी मुद्दाम सावकाश भागलं. सोळा उरले.

"आता एकशे एक," हितेश घाईनं म्हणाला.

त्याला हो म्हणणं किती सोपं होतं! पण गणितात खोटं बोलायला जीभ वळेना. "नको. शंभराच्या पुढचा भाजक असता, तर त्याचा गुणाकारातला जोडीदार शंभराच्या आत कधीच सापडला असता. मूळच आहे ती. संपलं."

तो नखातली माती काढत राहिला. "मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मोबाइलवर बघितलेलं."

"मग इतके शनिवार मला राबवलंत कशाला?"

"भागाकार करताना तुम्ही ओठ हलवता..." त्याचे कान लाल झाले. "ते बघायला."

मला राग आला. आणि इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"वापीच्या स्थळाला उद्या उत्तर द्यायचंय," मी म्हटलं. "तुम्हाला काही सांगायचं असेल, तर आत्ताच..."

"तू मला आवडतेस," तो एका दमात म्हणाला. "उद्या आईला घेऊन येऊ?"

"सकाळी या," मी म्हटलं. "वापीला फोन दुपारी करायचाय."