ट्रंकेत नसलेला चष्मा

साहेब, प्रतीक्षाच्या डोळ्यांत त्या लेन्स तुम्ही घातल्यात.

जुन्नरच्या बाजारपेठेत, चष्म्याच्या दुकानात पांढरा कोट घालून बसता. भिंतीवर सर्टिफिकेट टांगलंय. "भाऊ, लावायची आणि विसरून जायचं. झोपतानाही काढायची गरज नाही. महिनाभर बघायला नको." हे तुमचे शब्द. डोळा लाल झाला तर काय करायचं, ते मात्र इंग्रजी कागदावर बारीक अक्षरात. कागद घेणारा तिचा भाऊ रत्नदीप दहावी नापास आहे, हे तुम्हाला दिसत होतं.

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने शिनोलीला यावं आणि रत्नदीपच्या तोंडावर तसं म्हणून दाखवावं.

९ डिसेंबर २००३. मंगळवार. सकाळचे साडेसहा. त्या दिवशी रत्नदीपने तो आवाज पहिल्यांदा ऐकला.

पण आधी चष्म्याचं सांगायला हवं.

प्रतीक्षा ही त्याची धाकटी बहीण. तिसरीपासून चष्मा. नंबर उणे आठ. चष्मा काढला की समोरचा माणूस म्हणजे नुसता डाग. सकाळी उठली की डोळे न उघडताच उशीशेजारची जमीन चाचपायची.

थप... थप... थप.

लहानपणी रत्नदीप मुद्दाम चष्मा लांब सरकवून ठेवायचा. "शोध की गं, ढापणे!" ती चिडायची, मग हसायची.

मोठी झाल्यावर कुणी हसलं नाही. दोन स्थळं चष्म्यावरून मोडली. एक बाई तर पोहे खाता खाता म्हणाली, "पोरगी चांगलीय, पन उद्या नातवंडंबी ढापणीच व्हायची."

तिसरं स्थळ आलं बोरी बुद्रुकचं. मुलगा बुद्धभूषण, दूध डेअरीत कामाला. रत्नदीपने ठरवलं, या वेळी चष्मा दिसू द्यायचा नाही. तो बहिणीला घेऊन तुमच्या दुकानात आला.

पसंती झाली. मे महिन्यात लग्न ठरलं.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी तिने ट्रंकेच्या तळाशी, रुमालात गुंडाळून, चष्मा ठेवला. "आसू दे दादा. कधी डोळं दुखलं तर लागंल."

"आसू दे," तो म्हणाला.

आणि लग्नाच्या दिवशी, सगळे मांडवात असताना, त्याने तो काढून घेतला.

सासरी कुणाच्या हाती लागला तर? फसवलं म्हणतील. पोरगी परत पाठवतील. घोडेगावात त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तिथे तांब्याच्या तारेच्या खोक्यात त्याने चष्मा दडवला. आईला, म्हणजे आक्काबाईलाही, सांगितलं नाही.

महिना गेला. दोन गेले. लेन्स बदलायला जुन्नरला कोण नेणार? आणि नवऱ्याला काय सांगून जाणार?

पावसाळ्यात तिचा फोन आला. कॉइन बॉक्सवरून. मागे एसटीचा हॉर्न वाजत होता.

"दादा, डोळं लई चुरचुरत्यात. आत्याबाई म्हणत्यात, डोळं आलेत."

"मग आलं आसतील. साथ हाय सगळीकडं."

"लेन्स काढू का?"

"काढलीस तर दिसंल का तुला? आन त्यांना काय सांगशील? दिवाळीला ये, बदलू."

तिने आणखी एक नाणं टाकलं. मग हळूच म्हणाली, "दादा... चष्मा ट्रंकेत न्हाई."

"ट्रंकेतच आसंल. नीट बघ."

एवढंच. तो फोनवर एवढंच बोलला.

दिवाळीला ती आली नाही. कांद्याची रोपं लावायची होती. नोव्हेंबरात, भर दुपारी, शेतावरून येताना ती रस्ता ओलांडत होती आणि उसाची ट्रॉली आली. ड्रायव्हर रडून सांगत होता, "बाई माझ्याकडं बघत व्हती वो! बघूनच पुढं आली!"

दवाखान्यात डॉक्टरांनी पापण्या उघडल्या. दोन्ही बुबुळं पांढरी पडलेली. लेन्स तशाच आत चिकटलेल्या.

रत्नदीपने ड्रायव्हरला शिव्या दिल्या. मग साहेब, तुम्हाला दिल्या. रोज दिल्या. स्वतःचं मात्र तोंड शिवलेलं.

प्रतीक्षा गेल्यावर, जलदानविधीला तिची सासू साळुबाई आक्काबाईच्या गळ्यात पडली. म्हणाली, "रोज सकाळी ट्रंक उपसायची वो पोर. जमिनीवर हात फिरवीत बसायची. काय हारवलंय, सांगायचीच न्हाई."

रत्नदीप उठून बाहेर गेला.

आणि मग तो मंगळवार.

साडेसहा वाजले होते. आक्काबाई चुलीपाशी होती. मधल्या खोलीत कुणी नव्हतं. तिथून आवाज आला...

थप... थप... थप.

उघड्या हाताने जमीन चाचपल्याचा.

तो दारात गेला. आवाज थांबला. खोली रिकामी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आक्काबाईला काहीच ऐकू येत नव्हतं. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं बौद्ध घर ते. भूतखेत, भगत, अंगारे, काही मानत नाहीत. रत्नदीपही मानत नव्हता. उंदीर असेल म्हणाला. पिंजरा लावला.

पिंजरा रिकामाच राहिला.

शनिवारी दुपारी तो दुकानात मोटरला तार भरत होता. बाहेर रस्ता वाहत होता. अचानक सगळं धूसर झालं. तार दिसेना. दार दिसेना. डोळ्यात काहीतरी खुपलं. त्याने बोट फिरवलं...

बोटावर लेन्स आली.

रत्नदीपची नजर चांगली आहे. त्याने आयुष्यात लेन्स लावलेली नाही.

त्याने हात झटकला. पण दुसऱ्या डोळ्यातही होती. आणि त्या डोळ्याने समोरचं सगळं चिखलासारखं दिसत असताना, एकच गोष्ट लख्ख दिसत होती.

प्रतीक्षा.

दारात उकिडवी बसलेली. लग्नातली पांढरी साडी. काठावरची नक्षीसुद्धा स्पष्ट दिसत होती. मान खाली. हात जमिनीवर.

थप... थप...

चाचपत ती आत येत होती. तारेच्या खोक्याला हात लागला, पण कुणी अडवल्यासारखा तो पुढे गेला नाही. ती तिथूनच वळली. परत दाराकडे. परत आत.

तिने एकदाही वर पाहिलं नाही. पाहिलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

"ढापणे..." त्याने हाक मारली. लहानपणीचं नाव. "मी घेतला गं. माझ्याकडं हाय."

हात थांबला.

डोळ्यातून पाणी आलं, त्याबरोबर लेन्स वाहून गेली. दारात कुणीच नव्हतं. उंबऱ्याच्या धुळीत मात्र पंजे उमटले होते.

त्याच संध्याकाळी तो आईला घेऊन बोरीला गेला. सगळ्यांसमोर चष्मा ठेवला आणि सगळं सांगितलं.

साळुबाईने मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा स्वतःचा जाड चष्मा काढला. त्याच्या तोंडापुढे धरला. "आरं मुडद्या, हे काय हाय? मी नावं ठिवली आसती व्हय तिला?"

बुद्धभूषण भिंतीला टेकून बसला होता. तो कुणाकडेच बघत नव्हता. "अंधार पडला की माझा हात धरून चालायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, जीव लावतीय."

आक्काबाई तेव्हापासून मुलाशी बोललेली नाही. भाकरी ताटात टाकते आणि निघून जाते.

आवाज थांबला.

रत्नदीप अजून साडेसहाला उठतो. कान देऊन बसतो. काही नाही. गेली म्हणजे माफ केलं का? त्याला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

पण शिनोलीत ती नाही. बोरीतही नाही, साळुबाईला विचारलं.

आणि साहेब, तुमच्या शेजारचा चहावाला सांगतो, महिना झाला, तुम्ही शटर वर करता आणि बाहेरच उभे राहता. नोकर आल्याशिवाय आत पाय टाकत नाही. त्याला आधी पुढे घालता.

का?

आत काय ऐकू येतं तुम्हाला?

रत्नदीपने चारचौघांत सांगितलं. आता तुम्ही बोला.