बंद लेथवरचा हात

ही गोष्ट ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो कुलदीप आजही आदिलाबादच्या कापूस बाजारामागं स्वतःच्या लेथवर काम करतो. खरंखोटं करायचं असेल, तर त्याच्यासमोर पांडुरंगकाकांचं नाव काढावं आणि त्याचा चेहरा बघावा.

गेल्या डिसेंबरातला शुक्रवार. दुपारचे पावणेचार.

अमावास्या नाही, अंधार नाही... रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग.

भुताखेतांवर कुलदीपचा काडीचा विश्वास नव्हता. केसाएवढा फरक दाखवणाऱ्या डायलच्या सुईवर मात्र होता.

पांडुरंगकाका त्याच्या दुकानातले जुने कारागीर. बावीस वर्षं तामसीहून रोज बसनं यायचे. सोमवारी त्यांच्या हातून कापसाच्या जिनिंग मिलचा एक शाफ्ट वाया गेला. चकात, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलेला जॉब मध्य सोडून आऊट फिरला आणि एकाच बाजूनं जास्त कापला गेला. जिनिंगचा माणूस समोरच उभा होता. कुलदीपचा पारा चढला.

"काका, तुमचा हात गेला आता!"

"बाबू, चक उतरव अन् मागची पलेट पाह्य आधी," काका म्हणाले. "काल म्या सुट्टीवर होतो. कोनं खोलला होता चक?"

खोलला होता कुलदीपनंच, साफ करायला. पण चारचौघांत ते कबूल कोण करणार?

"नाचता येईना अन् अंगन वाकडं! घरी बसा तुमी."

जिभेला हाड नसतं. काकांनी डबा उचलला आणि गेले.

आता शुक्रवार. दुसरा शाफ्ट शनिवारी द्यायचा होता. तोही बिघडला, तर जिनिंगचं काम कायमचं जाणार होतं. दुकानात कुलदीप एकटाच.

त्यानं चकात तपासणीची सरळ सळई धरली, वर डायल टेकवली आणि चक हातानं फिरवला. चकाच्या जबड्याजवळ सुई सहा रेघा हलली. वीतभर पुढं पंधरा. जबडे झिजले असतील, असं त्याला वाटलं. सुई शून्यावर आणून तो घाम पुसायला थांबला.

आणि...

सुई हलली.

तीन रेघा.

मशीन बंद होतं. चक जागचा हलला नव्हता.

सळईवर कुणी तळवा टेकवला की सुई अशीच तीन रेघा सरकते. पांडुरंगकाकांना ती खोडच होती. डायल बघताना डावा हात सळईवर. त्यावरून रोज बोलणी खायचे.

सवयीनं कुलदीपच्या तोंडून गेलं, "काका, हात काढा ना."

सुई शून्यावर आली.

मग त्याच्या लक्षात आलं... काका चार दिवसांपासून आलेलेच नाहीत.

तो दारापर्यंत गेला. कुणी नव्हतं. गाड्या दिसत होत्या, पण त्यांचा आवाज येत नव्हता.

परत आला, तर सुई पुन्हा तीन रेघांवर...

या वेळी त्याच्या तोंडून शब्द फुटेना.

काकांचं सोमवारचं बोलणं आठवून त्यानं सळई काढली, बोल्ट खोलले आणि चक उतरवला. तो चक उतरवायला एरवी दोन माणसं लागतात. त्या दिवशी त्याला तो जड लागला नाही.

मागची प्लेट चकचकीत दिसत होती. रविवारी त्यानं चिंधीनं पुसलीच होती. काका नेहमी सांगायचे, चिंधी धागा सोडते, शेवटी उघडा तळवा फिरवायचा. कुलदीप त्यावर हसायचा. आज त्यानं तळवा फिरवला.

कडेला टोचलं.

लोखंडाची केसाएवढी चिलपी, चिंधीच्या धाग्यात अडकलेली. तेवढ्यानंच चक तिरपा बसला होता. ती काढून सगळं परत बसवलं, तर सुई जेमतेम एक रेघ हलली. चूक त्याचीच होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

तसाच गाडी काढून तो तामसीला गेला, काकांचे पाय धरायला. दारात काकांची सून मनकर्णा उभी होती.

"मामाजी बुधवारीच गेले, भाऊ. छातीत कळ आली."

कुलदीपनं विचारलं, "मले काऊन नाई कळवलं?"

"त्यायनंच सांगतलं होतं. दुकानात कळवू नका, तिथलं कोनी माह्या दारी नको."

कुलदीपनं तिथंच, सगळ्यांसमोर आपली चूक सांगितली. चिलपी दाखवली. मनकर्णानं ती हातातही घेतली नाही.

"हे त्यायले सांगाचं होतं, भाऊ," म्हणाली आणि आत गेली.

शनिवारी शाफ्ट वेळेवर गेला. जिनिंगचं कामही टिकलं. पण कुलदीपचं मन थाऱ्यावर नाही. काकांनी माफ केलं असेल, तर दारी यायला मनाई कशाला? आणि केलं नसेल, तर मेल्यावर दोन दिवसांनी त्याची इज्जत राखायला आले कशाला?

भेटेल त्याला तो हेच विचारतो. आणि एक गोष्ट मात्र हळू आवाजात सांगतो.

पहिल्या वेळी हात काढा म्हटल्यावर काकांनी हात काढला होता.

दुसऱ्या वेळी... त्यानं म्हटलंच नव्हतं.