पायरीवरची बाई

त्या रात्री साडेनऊला लाइट गेली. मी माझ्या तान्ह्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसले होते. दीर आणि नणंद सासऱ्यांच्या मागे लागले होते, गोष्ट सांगा म्हणून. सासऱ्यांनी जन्मभर तसबिरी मढवल्या. म्हणाले, "ऐका. पण मग रात्री पाणी प्यायला उठताना मला सोबतीला हाक मारायची नाही."

त्यांच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात जुनी चित्रं साफ करणारा कारागीर बसायचा. त्याच्याकडे दीडशे वर्षांपूर्वीचं एक चित्र आलं. नदीकाठचं जुनं शहर, दगडी पूल, मनोरे, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आणि मुंगीएवढी माणसं. त्या कामात एक शिस्त असते. कापसाचा बोळा लावायच्या आधी चित्रातली माणसं मोजायची आणि आकडा खडूने मागे लिहायचा. म्हणजे मळ समजून कुणी पुसलं जात नाही. पण त्याच्या पाच वर्षांच्या लेकीला ताप भरला होता. आईविना पोर. म्हणून त्याने चित्र घरी नेलं, आणि त्या धांदलीत मोजायचं राहून गेलं.

शनिवार होता. रात्रीचे सव्वादोन. शेवटच्या पायरीवर एक काळा ठिपका होता. माशीची घाण असेल, असं त्याला वाटलं. त्याने बोळा फिरवला.

कापूस निळा झाला.

ती बाई होती. तिने जिचा हात धरला होता ती मुलगी आता पाण्यापाशी एकटीच उभी. हात तसाच वर.

पलीकडे अंथरुणातून लेक म्हणाली, "बाबा, तिची आई कुठे गेली?"

चित्राची पाठ लेकीकडे होती. आणि तिचे डोळे मिटलेले.

"रडतेय ती. मी जाते तिच्याजवळ..."

"नको बाळा. बाळा..."

...

त्याने लेकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरला होता. अंग गार. तळपाय ओले.

सासरे थांबले. मी अंधारातच पिल्लाचे तळपाय चाचपले. कोरडे होते.

नणंदेने विचारलं, चित्राचं पुढे काय झालं?

"त्याच्याकडेच आहे. पायरीवर आता दोन मुली आहेत. नऊ वर्षं झाली, तो रोज झोपण्याआधी त्यांच्याशेजारी बाई रंगवतो. सकाळी ती जागा कोरी असते. आणि टेबलावर कापसाचा एक बोळा... निळा. ओला."