बेस कॅम्पच्या अलीकडची चोरी

औषधांच्या डब्यात पट्ट्या होत्या, मलमं होती, जुलाबाची औषधं होती. महागातली इंजेक्शनंसुद्धा जागच्या जागी होती. नव्हत्या त्या फक्त उंचीच्या त्रासावरच्या गोळ्या, आणि नेमक्या त्याच हव्या होत्या.

डॉक्टरांनी डबा रिकामा केला, भरला, पुन्हा रिकामा केला. ते खरं तर दातांचे डॉक्टर. पण ग्रुपमध्ये दुसरा डॉक्टर नव्हता, त्यामुळे सगळ्या शरीराचा कारभार त्यांच्याकडे आला होता. आतल्या खोलीत त्यांची लेक डोकं गच्च धरून बसली होती. पहाटेपासून तिच्या पोटात पाणीही ठरत नव्हतं. बेस कॅम्प आता एका सकाळच्या चालीवर होता, आणि तिला मात्र खाली न्यायची वेळ आली होती.

लॉजच्या जेवणाच्या खोलीत मधोमध शेगडी पेटली होती. तिच्यावरच्या तारेला सगळ्यांचे मोजे वाळत होते. कोपऱ्यात खेचरवाले चहा पीत बसले होते. डॉक्टरांनी येऊन विचारलं, गोळ्या कुणी हलवल्यात का? 

चोर सापडायला काही वेळ लागला नाही. असा चोर नेहमीच हाताशी असतो. औषधांचा डबा ज्या गाठोड्यात असायचा, ते पाठीवर आणणारा हमाल एकच. बोलताना सारखा हसायचा म्हणून सगळे त्याला हसऱ्या म्हणत. "डबा तर याच्याकडेच असतो की," असं ग्रुपमधला कॅशियर म्हणाला, आणि पुढचं सगळं आपोआप झालं. हसऱ्याची पिशवी टेबलावर उलटी केली गेली. एक सदरा, सुईदोरा, बिस्किटांचा चुरा, आणि कागदात गुंडाळलेले लहान मुलीचे नवे बूट. कॅशियरने ते बूटही उलटे धरून झटकले.

गोळ्या निघाल्या नाहीत. तरी चोर तोच ठरला. विकल्या असतील वाटेत, असं म्हणून सगळे मोकळे झाले.

ग्रुपचे प्रमुख सर. आयुष्यभर त्यांनी मुलांना डोंगर चढायला शिकवलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "झालं ते झालं. पोलिसांत वगैरे द्यायला नको. जाऊ दे त्याला खाली." सगळ्यांना त्यांच्या मनाचा मोठेपणा वाटला.

वाटाड्या मात्र खाली बघत राहिला. मग त्याने सांगितलं की या वाटेवर ओझं विश्वासावर मिळतं. एकदा चोर म्हणून नाव झालं की त्या पाठीवर कुणी गाठोडं ठेवत नाही, ना या हंगामात, ना पुढच्या. कोपऱ्यातले खेचरवाले तोवर चहा संपवून उठले होते. ते खालच्या वाटेला लागले आणि बातमीही त्यांच्याबरोबर गेली.

हसऱ्याने सामान पिशवीत भरलं. बूट पुन्हा कागदात गुंडाळले. मग तो खोलीतल्या एकाच माणसाकडे वळला.

"मी नाही घेतल्या, ताई."

ज्यांना तो हे म्हणाला, त्या पोलिसातून निवृत्त झालेल्या. ग्रुप त्यांना फौजदारबाई म्हणे. सरांची ही धाकटी बहीण. अंगापिंडाने चांगली भक्कम, पण भाऊ अजून तिला चिमणी म्हणायचा. नोकरीत बाईंनी किती झडत्या घेतल्या असतील त्याला गणती नाही, पण विचारल्याशिवाय कुणाच्या सामानाला हात लावला नव्हता. आज मात्र पिशवी उलटी होत असताना त्या हाताची घडी घालून उभ्या राहिल्या होत्या. दादा काही बोलत नाही म्हणजे बरोबरच असेल, असं त्या धरून चालल्या. आता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी वाटाड्याला बाजूला घेतलं. डॉक्टरांच्या लेकीसाठी खालच्या वस्तीवरून घोडा मागवला होता. तो येईपर्यंत हसऱ्याला थांबवून घे, एवढंच त्या म्हणाल्या. मग डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसल्या.

"मुक्कामाला आल्यावर डबा कुठे असतो?"

"जेवणाच्या खोलीत. कुणाला काही लागलं तर पटकन सापडावा म्हणून."

"म्हणजे हमालाकडे नाही."

"दिवसा त्याच्याकडेच असतो."

"दिवसा गाठोडं दोरीनं आवळलेलं असतं. मुक्कामाला डब्याला कुलूप?"

"कुलूप कशाला, बाई? आपलीच तर माणसं."

"हो ना," बाई म्हणाल्या. "गोळ्या शेवटच्या कधी बघितल्यात?"

डॉक्टरांनी निघतानाच बघितल्या होत्या. नंतर गरजच पडली नव्हती. सरांचा नियमच होता की गोळी घ्यायची नाही. गोळी घेऊन चढणं म्हणजे कॉपी करून पास होणं, असं ते प्रत्येक तुकडीला सांगत. डबा होता तो अगदी जिवावर बेतलं तर.

"विकायला नेल्या असत्या," बाई म्हणाल्या, "तर चोरानं इंजेक्शनं का ठेवली? ती जास्त महाग."

डॉक्टरांनी इंजेक्शनं पुन्हा मोजली.

"म्हणजे खायला नेल्या. ही गोळी खाल्ली की माणसाला काय काय होतं?"

"बोटांना मुंग्या येतात. लघवीला सारखं जावं लागतं. जिभेच्या चवीत थोडा फरक पडतो. विशेष काही नाही."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर हसऱ्या आपल्या पिशवीवर बसला होता. थंडीने बोटं तर सगळेच चोळत होते. पाणी भरपूर प्या, हा सरांचाच हुकूम, त्यामुळे मोरीच्या वाटेवरही सगळ्यांचीच ये-जा चालू असे. अशा खुणांवरून चोर धरायचा म्हणजे अख्खा लॉज आत टाकावा लागला असता.

त्यांनी कॅशियरला बोलावलं.

हा बँकेतला माणूस. जिभेला हाड नाही, पण मनाने वाईट नव्हे. गेल्या मुक्कामाला तो औषधांच्या डब्यापाशी घुटमळताना बाईंना दिसला होता.

"डब्यातून काय घेतलंत?"

"काही नाही."

"मी बघितलंय."

कॅशियर कानापर्यंत लाल झाला. "पोट साफ होत नव्हतं. सगळ्यांसमोर मागायचं कसं? बायकामाणसं असतात."

बाईंनी त्याला सोडलं नाही. उलटसुलट विचारलं, पुन्हा विचारलं, झोपायला कोण कुठे होतं तेही विचारलं. शेवटी तो रडकुंडीला आला. पोटाच्या औषधाची रिकामी पुडी त्याने खिशातून काढून दाखवली, तेव्हा त्यांना थांबावंच लागलं.

मग बाई सरांजवळ जाऊन बसल्या. सर शेगडीला चिकटून बसले होते आणि तळहात एकमेकांवर घासत होते.  या वाटेवर बाईंना भावानेच आणलं होतं. पेन्शन खाऊन घरी बसू नकोस, चल, एकदा डोंगर बघ, म्हणाला. झाडं संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी विश्रांतीचा मुक्काम होता, तेव्हा त्याने सगळ्यांना कोल्ड्रिंक पाजलं होतं. लॉजवाल्याकडे एकच मोठी बाटली होती. उघडताच फेस उसळून कॅशियरच्या बाहीवर सांडला. डॉक्टरांच्या लेकीला तर एका घोटातच ठसका लागला. आणि सर तोंड वाकडं करून म्हणाले होते, "आजकाल सोड्यातही दम राहिला नाही. आमच्या वेळी नाकातून धूर निघायचा." सगळे हसले होते. सरांच्या वेळी सगळंच चांगलं असायचं.

बाहेर घोड्याच्या गळ्यातली घंटा वाजली.

बाईंनी सगळ्यांना आत बोलावलं. हसऱ्यालाही. तो दाराशीच उभा राहिला, पुढे या म्हटलं तरी आला नाही.

"सकाळी आपण याची पिशवी उलटी केली," बाई म्हणाल्या. "का, तर गाठोडं हा उचलतो म्हणून. पण मुक्कामाला डबा याच खोलीत उघडा पडलेला असतो. हात कुणाचाही पोचला असता. चोरानं बाकी कशालाही हात लावला नाही, म्हणजे गोळ्या विकायच्या नव्हत्या. त्या त्याला स्वतःला लागत होत्या. हा माणूस याच उंचीवर वाढलाय. त्याला या गोळीचं काय काम?"

बाईंनी एकेकाकडे बघितलं.

"त्या आपल्यापैकीच कुणीतरी खाल्ल्यात. मुंग्या सगळ्यांनाच येतात, मोरीलाही सगळेच जातात. तिसरी खूण राहिली, चवीची. डॉक्टर, ही गोळी घेणाऱ्यानं सोडा प्यायला तर?"

डॉक्टर बोलायला लागले आणि मध्येच अडखळले. त्यांचं लक्ष सरांकडे गेलं. मग जमिनीकडे बघत ते म्हणाले, "सपक लागतो. फेस असला तरी जिभेला चरचर कळत नाही."

"बाटली एकच होती," बाई म्हणाल्या. "यांच्या बाहीवर फेस सांडला. तुमच्या मुलीला ठसका लागला. माझी तर जीभ चरचरली. दम नव्हता तो एकाच पेल्यात."

शेगडीवरचं आधण उकळत होतं. ते उतरवायला कुणी उठलं नाही.

"डॉक्टरांनी चवीचं म्हटलं तेव्हाच मला कळलं होतं," बाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज आता फौजदाराचा राहिला नव्हता. "तरी मी कॅशियरना पिळत बसले. म्हटलं, देवा, हाच निघू दे. या भल्या माणसाला मी उगाच रडवलं, कारण मला माझा भाऊ नको होता."

सरांनी चष्मा काढला. पुसला, पण परत घातला नाही.

"झाडं संपली तिथंच डोकं फुटायला लागलं," ते म्हणाले. "वाटलं एकच घेऊ. मग दुसऱ्या दिवशीही लागली. सगळ्या वाटेवर मी कॉपी, कॉपी करत आलो. मग मुलांना कसं सांगू? परत फिरलो असतो तर कोणत्या तोंडानं?"

"आणि आता कोणत्या तोंडानं, दादा?"

सर चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले.

"गोळ्या घेतल्यास ते मी पोटात घातलं असतं," बाई म्हणाल्या. "म्हातारपणी माणूस घाबरतो. पण याची पिशवी उलटी झाली तेव्हा तू समोर बसला होतास. त्याच्या मुलीचे बूट झटकले तेव्हाही होतास. वर, जाऊ द्या त्याला, म्हणालास. तुझा मोठेपणा बघून मला अभिमान वाटला होता, दादा. त्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते."

सरांनी चष्म्याच्या घरातून उरलेल्या गोळ्या काढल्या आणि डॉक्टरांपुढे ठेवल्या. डॉक्टर त्या घेऊन लेकीकडे गेले. जाताना त्यांना सरांकडे बघवेना. दोघांची मैत्री कॉलेजपासूनची होती.

कॅशियर हसऱ्यापुढे हात जोडून उभा राहिला. चूक झाली, माफ कर, असं काहीबाही बोलला. बाईही पुढे झाल्या. मी थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं, एवढंच त्यांना म्हणता आलं. हसऱ्याने दोघांचं ऐकून घेतलं. तो हसला नाही. वाटाड्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चल, गाठोडं घे, काम तुझंच आहे, म्हणाला.

"इथं कळलं सगळ्यांना," हसऱ्या म्हणाला. "पण खेचरवाले केव्हाच गेले. संध्याकाळपर्यंत खालच्या प्रत्येक लॉजवर माझं नाव होईल. मी कुणाकुणाच्या दारात जाऊन सांगू, मी चोर नाही म्हणून? असं सांगणाऱ्याला तर लोक आणखीच चोर समजतात."

त्याचं म्हणणं खरं होतं. 

"चल, दादा," बाई म्हणाल्या.

"कुठे?"

"खाली. प्रत्येक लॉजवर."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मी चिठ्ठी लिहून देतो. माझ्या सहीची. हा दाखवत जाईल."

"चिठ्ठी नको. याला चोर म्हणताना कुणी चिठ्ठी लिहिली नव्हती. तोंडानं सांगायचं."

"चिमणे, या वाटेवर मला सगळे ओळखतात गं."

"म्हणूनच."

डॉक्टरांची लेक घोड्यावर बसली. गोळी पोटात राहिली होती, आणि खाली उतरलं की बरं वाटेल असं डॉक्टर तिला सारखं सांगत होते. मागून सर निघाले, त्यांच्या मागे बाई. सरांची बॅग उचलायला एक हमाल पुढे आला होता, पण बाईंनी ती स्वतःच पाठीवर घेतली. बेस कॅम्पला एकटा कॅशियर गेला, वाटाड्या आणि हसऱ्याबरोबर. वर पोचून त्याने फोटो काढला, पण तो कधीच कुणाला दाखवला नाही.

उतारावर सर भराभर चालत होते. मग खालचा लॉज दिसू लागला तशी चाल मंदावली. अंगणात खेचरं बांधलेली होती. म्हणजे बातमी आधीच पोचली होती.

लॉजवाली चुलीपुढे बसली होती. सरांना बघताच तिचा चेहरा फुलला. या सर, बसा, म्हणाली. ऐकलं मी, तुमच्या हमालानं चोरी केली म्हणे, आजकाल कुणावर भरवसा ठेवायची सोय नाही. खेचरवाल्यांनी मान डोलावली. कुणीतरी सरांसाठी बाक पुसला.

सर बसले नाहीत. त्यांनी टोपी काढली. वळून बहिणीकडे बघितलं. बाई दारात उभ्या होत्या, भावाची बॅग पाठीवर घेऊन, आणि त्यांनी नजर हलवली नाही. 

"त्यानं नाही," सर पुटपुटले. "मी घेतल्या."

चूल फुरफुरत होती. लॉजवालीने फुंकणी खाली ठेवली आणि कानामागे हात नेला.

"काय म्हणालात, सर? जरा मोठ्यानं बोला. मला कमी ऐकू येतं."