उजव्या बाजूचा उजेड

आधी ते मोबाइल पालथे ठेवा. एकदाच सांगणार आहे, आणि मधेच कुणी "आबा, खरं का हो?" असं विचारायचं नाही. माझ्या सख्ख्या भाच्यावर गुदरलेला प्रसंग आहे. थापा मारून मला काय मिळणार?

भाचा कंप्युटरवर थ्रीडी खोल्या उभ्या करतो. भिंती, टेबलं, खुर्च्या, सगळं. मग त्यात दिवे लावतो आणि फोटोसारखं चित्र काढून देतो. तर एकदा मागच्या गल्लीतल्या सुतारकाकूंनी त्याला बोलावून घेतलं. काका जाऊन दोन वर्षं झालेली, त्यांचं दुकान रस्त्यासाठी पाडलेलं, फोटो म्हणाल तर एकही नाही.

"बुधवारी डोळ्यांचं ऑपरेशन आहे," काकू म्हणाल्या. "नजर राहील याची डॉक्टरांनाही खात्री नाही. त्याआधी एकदा दुकान बघायचंय रे."

याने विचारून विचारून सगळं टिपून घेतलं. काका ज्यावर काम करायचे त्या बाकाची उंची, खिडकी, पटाश्या कुठे टांगलेल्या असायच्या ते. दुकान हुबेहूब उभं केलं. काकूंनी चित्र पाहिलं.

"सगळं तसंच आहे. उजेड तेवढा तसा नाही."

"मग कसा होता?"

"ते सांगता येत नाही. पण हा नव्हे."

आता याला काय म्हणायचं? भाच्याने दिवा वर घेतला, खाली घेतला, पिवळा केला, मंद केला. दुसरा लावला, तिसरा लावला. सात चित्रं झाली. दर वेळी काकू कागद पार नाकाला लावून बघायच्या आणि मान हलवायच्या. गडी रडकुंडीला आला. आईवर खेकसला, भरल्या ताटावरून उठला. उद्या त्या बाईची नजर जायची आणि आपल्याला एक दिवा धड लावता येत नाही, याचाच त्याला जास्त राग.

मंगळवारची रात्र. दोन वाजून चाळीस मिनिटं. वैतागून त्याने अकराच्या अकरा दिवे काढून टाकले. काही जमेना की हे लोक असंच करतात, काळोख करायचा आणि पहिल्यापासून एकेक दिवा लावायचा. खात्री म्हणून त्याने कंप्युटरला काळोखाचंच चित्र काढायला लावलं. कागदासारखं सपाट काळं यायला हवं होतं.

आलं नाही.

बाकाच्या उजव्या अंगाने पिवळट उजेड येत होता. एखादा दिवा नुसता लपवायचा आणि काढायचा विसरायचा, ही यांची नेहमीची चूक. स्क्रीनवर दिसत नाही, चित्रात मात्र जळत राहतो. स्वतःला शिव्या घालत त्याने दिव्यांची यादी उघडली.

यादी रिकामी.

सगळं बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा चित्र काढलं. तोच उजेड. आणि भिंतीवर... सावली. वाकलेल्या माणसाची. याने तर दुकानात माणूस ठेवलाच नव्हता.

हातोडी उचललेली. डाव्या हातात.

डावखुऱ्या माणसाला उजेड उजवीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली कामावर पडते. आणि या शहाण्याने सगळे दिवे डावीकडे लावलेले. काका कुठल्या हाताने काम करायचे, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

त्याने तिसऱ्यांदा चित्र काढलं.

हातोडी खाली आली होती...

पुढे बघायची त्याची छाती झाली नाही. तेच छापलं आणि सकाळी सातला काकूंच्या हातात ठेवलं. काकू कागद घेऊन खिडकीशी गेल्या. पार नाकाला लावून बघितला.

"हो," म्हणाल्या. "हाच."

ऑपरेशन झालं. नजर गेली.

गेल्या महिन्यात मी भेटायला गेलो होतो. काकू ते चित्र मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोट फिरत फिरत बाकाच्या उजव्या बाजूला यायचं आणि थांबायचं.

"इथे हात लावा, भाऊ," म्हणाल्या.

लावला. बाकी सगळा कागद गार होता.

तेवढी जागा... गरम.